आधी नाक, मग पाढे

प्रिय आंटी,

सप्रेम नमस्कार. तुमचे आभार समोरासमोर मानून झाले, तरी हे पत्र मराठीत लिहितेय. आमच्याकडच्या शिक्षकांनाही तुमचं काम कळावं, एवढाच हेतू.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या या शाळेत मी रुजू झाले तेव्हाच तुम्ही बजावलंत, ‘हाक मारल्यावर पोर वळलं नाही तर उर्मट समजू नका, आधी कान तपासून घ्या.’ इथल्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, बाळांना जन्मानंतर काही आठवड्यांतच मधल्या कानाचा संसर्ग गाठू शकतो. दाटीवाटीची घरं, वरचेवर सर्दी. कान दुखतोच असंही नाही, त्यामुळे पडदा फुटून पू येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. ४ टक्क्यांहून जास्त मुलांचे कान असे वाहत असतील, तर जागतिक आरोग्य संघटना ते तातडीचं संकट मानते. इथल्या कित्येक दुर्गम वस्त्या त्याच्या फार पुढे आहेत. एवढ्या श्रीमंत देशात!

तुम्ही सकाळचा पहिला तास कानानाकाचा केलात. दीर्घ श्वास, नाक शिंकरणं, खोकणं, हात धुणं, मगच पाढे. सगळ्यांनाच टिश्यूची वात वळायला शिकवलंत. ज्याचा कान वाहतो त्याने ती अलगद कानात ठेवायची, भिजली की बदलायची, कोरडी निघाली की मग थेंब. ओल्या कानात औषध आतवर पोचतच नाही. आमच्याकडे कान फुटला की कोमट तेल सोडतात, हे सांगितल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सगळ्यांनाच वाती वळायच्या असल्यामुळे कुणाला लाज वाटेनाशी झाली. मला यातच तुमची खरी हुशारी दिसली.

खोकल्याचंही तसंच. मूल चार आठवडे कफाचं खोकत असेल तर ‘होईल बरं’ म्हणून सोडायचं नाही, फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या खराब होऊ शकतात, हे तुम्ही घरोघर आयांना त्यांच्या भाषेत पटवलंत. आम्हा बाहेरच्यांचं कुणी ऐकलं असतं का?

वर्गात आता माइक आणि स्पीकर आहेत, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्यासाठी कार्यालयात तुम्ही घातलेले हेलपाटे मी पाहिलेत. मनापासून आभार.

टिश्यूचे खोके संपत आलेत, येताना घेऊन या.

तुमची,
दुसरीच्या वर्गाची बाई