मी तिला समजावणार नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. तिथल्या तिथे उत्तर रेकॉर्ड करून पाठवणार होतो, पण विषयच असा की बोलण्याच्या भरात नको ते बोलून गेलो असतो. म्हणून लिहायला बसलो. वहिनींनाही वाचायला दे, निदान धुण्याभांड्यांचा भाग तरी.

तुझं म्हणणं थोडक्यात असं: लेक आणि जावई म्हणतात मूल नको, तुला ते पटत नाही, आणि ती माझं ऐकते म्हणून मी तिला चार गोष्टी सांगाव्यात. शेवटी तू चिडून म्हणालास, "या पोरांना नुसती मजा हवीय, फिरायला हवं, मोबाइल हवा, जबाबदारी नको." त्या एका वाक्यासाठी हे पत्र. मी तिला समजावणार नाही. का नाही, ते तुला सांगतो.

आधी हे डोक्यातून काढ की तुझ्याच घरात काहीतरी जगावेगळं खूळ शिरलंय. १९५० च्या सुमारास जगात एका बाईला सरासरी पाच मुलं होत. आता तो आकडा सव्वादोनच्या आसपास आहे. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची तर २.१ लागतात, आणि जगातले अर्ध्याहून जास्त देश आज त्याच्या खाली आहेत. दक्षिण कोरियात २०२३ साली तो ०.७२ होता. इराणचं बघ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बाईमागे सहाच्या वर मुलं होती, पुढच्या वीसेक वर्षांत ती दोनवर आली. आणि तिथे राज्य मौलवींचं! एवढ्या सगळ्या देशांतल्या पोरी एकाच वेळी चैनी झाल्या, असं तुला म्हणायचं आहे का?

शाळेत आपण 'लोकसंख्येचा भस्मासुर' म्हणून निबंध खरडायचो, आणि आता तू माणसं कमी पडतील म्हणून झोप घालवून बसलायस. गंमत म्हणजे दोन्ही खरं आहे. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जग ८०० कोटींवर गेलं. आज जे तरुण आहेत ते आधीच जन्मलेत, ते प्रत्येकी थोडी थोडी मुलं जन्माला घालत राहिले तरी एकूण बेरीज काही काळ वाढतच जाते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे २०८० च्या दशकाच्या मध्यास ती १,०३० कोटींच्या आसपास टेकेल आणि मग उतरायला लागेल. तेव्हा भस्मासुर आणि ओसाड पाळणाघर एकाच वेळी नांदणार आहेत, कुठल्या देशात काय एवढाच फरक.

कारणांतली जी सगळ्यांना ठाऊक आहेत ती भरभर सांगतो. पूर्वी जगात दहातली चार मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जात, आज शंभरात चारही नाही. जगतील की नाही या धास्तीनं जादा मुलं होऊ द्यायची गरज संपली. मुली शिकल्या. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. शेतावर राबणारं मूल घराला हातभार होतं, शाळेत जाणारं मूल खर्च आहे. हे सगळं तुलाही माहीत आहे. मला बोलायचंय ते तुझ्या 'मजा' या आरोपाबद्दल.

ही मजा, म्हणजे मोकळा वेळ, कुणाला फुकट मिळालेला नाही. १८१७ मध्ये रॉबर्ट ओवेननं आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती अशी वाटणी मांडली, आणि हा गृहस्थ स्वतः गिरणीमालक होता. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंड्यांनी काही वर्षं तो विषय लावून धरल्यावर. आठ तासांचा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९१९ उजाडलं. फ्रान्समधल्या कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली ती १९३६ मध्ये. मग केन्ससारख्या अर्थतज्ज्ञानं १९३० मध्ये लिहून ठेवलं की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि उरलेल्या वेळाचं करायचं काय हीच माणसाची अडचण होईल. २०३० तोंडावर आलंय. तुझी लेक किती तास काम करते ते तूच सांगतोस, तेव्हा केन्ससाहेबांबद्दल मी जास्त बोलत नाही.

पण त्या मोकळ्या संध्याकाळीनं घरावर काय केलं, हे बघायला तुला ब्राझीलला नेतो. तिथे १९६० च्या आसपास बाईमागे सहा मुलं होती. कुटुंब लहान ठेवा अशी सरकारी मोहीम नव्हती, चर्चचा तर विरोधच. तरी आकडा घसरत गेला. तीन अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी एवढंच पाहिलं की रेदे ग्लोबो या वाहिनीचं प्रक्षेपण कुठल्या भागात कोणत्या वर्षी पोचलं आणि त्यानंतर तिथल्या बायकांना किती मुलं झाली. जिथे वाहिनी पोचली तिथे जन्म कमी झाले, आणि गरीब घरांत हा फरक जास्त दिसला. का? तर त्या वाहिनीच्या रात्रीच्या मालिका. १९६५ ते १९९९ मधल्या ११५ मालिका त्यांनी तपासल्या. पन्नाशीच्या आतल्या मुख्य नायिकांपैकी ७२ टक्के जणींना मूलच नव्हतं, २१ टक्के जणींना एकच. या मालिकांत कुणीही 'मुलं कमी करा' असा उपदेश केला नव्हता. लेखकाला कथानक हलवायचं तर सहा पोरं पडद्यावर सांभाळणं कठीण, एवढाच त्यांचा हिशोब असेल असं मला आपलं वाटतं. पण बघणाऱ्या बाईला रोज रात्री एक वेगळं घर दिसत होतं, ज्यात बाई दमलेली नाही आणि घर चाललंय. मालिकेतल्या पात्रांची नावं तिथल्या तान्ह्या मुलांना ठेवली गेली, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे बघणं नुसतं बघणं नव्हतं.

तेव्हा करमणुकीमुळे मुलं कमी झाली, हे तुझं अर्धं वाक्य मी मान्य करतो. उरलेलं अर्धं, मजा हवी म्हणून जबाबदारी नको, ते मात्र मला खोटं वाटतं. आणि त्यासाठी तुझ्याच घरातली एक संध्याकाळ सांगतो. रागावू नकोस.

मागे मुक्कामाला आलो होतो तेव्हाची गोष्ट. ती दोघंही तुझ्याकडेच होती. तुझी लेक साडेआठला ऑफिसातून आली. खांद्यावरची लॅपटॉपची बॅग काढली नाही, आधी वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं, कारण कपडे दुपारपासून आत पडून होते. बादली घेऊन गॅलरीत गेली. कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन, तोंडात दोन चिमटे, आणि चिमटे दातांत धरूनच ती कुणाला तरी "हो सर, दहा मिनिटांत पाठवते" म्हणत होती. तेवढ्यात जावयानं सोफ्यावरून हाक मारली, "अगं, माझा चार्जर पाहिलास का?" तो मुलगा भला आहे, हौशीनं कॉफी करतो, तुझी औषधं आणून देतो. त्याला फक्त ते कपडे दिसले नाहीत. मूल आलं तर त्या बादलीत अजून काय काय पडणार आहे, याचा हिशोब तिनं केला असेल की नाही?

मशीन आलं म्हणजे काम संपलं, असं आपण पुरुष मानून चालतो. अमेरिकेत जोअॅन व्हॅनेक या बाईंनी १९७४ मध्ये जुन्या-नव्या पाहण्यांचे आकडे मांडले. १९२० च्या दशकात नोकरी न करणारी गृहिणी आठवड्याला पन्नासेक तास घरकाम करत होती. मध्ये वीज आली, नळ आले, फ्रिज आले, मशीन आलं, आणि १९६० च्या दशकातही ती पन्नासेक तासच करत होती. धुण्याचा वेळ तर उलट वाढला! कपडे जास्त झाले, आणि ते रोज बदलायची रीत पडली. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी पुढे याचा आणखी एक धागा काढला. लाकडं फोडणं, पाणी वाहून आणणं ही कामं बाप्यांची आणि पोरांची होती. गॅस आणि नळ आल्यावर ती सुटली. रांधणं-धुणं ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडेच राहिलं. सुधारणेनं घरातल्या एकाला रजा दिली आणि दुसरीला नवीन उपकरण.

क्लॉडिया गोल्डिन, २०२३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलवाल्या, त्यांनी हेच देशादेशांना लावून पाहिलं. जपान, कोरिया, इटली, स्पेन इथे सुबत्ता एका पिढीत धाडकन आली. मुलगी आजीपेक्षा वेगळंच आयुष्य जगायला लागली, पण मुलाच्या डोक्यातलं घर बापाच्या घरासारखंच राहिलं. जन्मदर सगळ्यात जास्त तिथेच कोसळला. जिथे बदल हळूहळू झाला, पुरुषांना घरात हात घालायला वेळ मिळाला, तिथे तो बराच काळ बरा टिकला. अर्थात यानं सगळं सुटतं असं नाही. फिनलंडमधले बाप मुलांचं करण्यात जगात पुढे मानले जातात, तरी तिथेही २०२३ मध्ये आकडा १.२६ होता. काहीतरी अजून आहे, जे कुणाला नीट सांगता येत नाही.

सरकारांनी हुकूम काढून आणि पैसे वाटूनही पाहिलंय. रोमानियात १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. दुसऱ्या वर्षी जन्मदर १.९ वरून ३.७ वर उडाला, मग पुन्हा घसरत गेला, आणि मधल्या काळात चोरून गर्भपात करताना बायका मेल्या, अनाथालयं भरली. सिंगापूरनं १९७० च्या दशकात 'दोन पुरे' सांगितलं, १९८७ मध्ये 'परवडत असेल तर तीन किंवा जास्त' सांगितलं. लोकांनी पहिलं ऐकलं. २०२३ मध्ये तिथला आकडा ०.९७ होता. एवढ्या मोठ्या सरकारांपुढे पोरी बधल्या नाहीत, आणि तू मला पुढे करतोयस!

आता तुझ्या बाजूचं बोलतो, कारण तुझी भीती सगळीच पोकळ नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक लोकसंख्या संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये नातेवाइकांचा हिशोब मांडला होता. १९५० मध्ये पासष्टीच्या बाईला सरासरी ४१ नातेवाईक हयात असत, २०९५ मध्ये २५ असतील. आणि त्यातले बरेच तिच्यासारखेच म्हातारे, कारण फांद्या आडव्या पसरायच्या थांबल्या आणि झाड उभं वाढलं. अमेरिकेत १९४० मध्ये शंभरातली आठ घरं एकट्या माणसाची होती, २०२० मध्ये अठ्ठावीस. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली. ब्रिटननं २०१८ मध्ये आणि जपाननं २०२१ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला. हे वाचलं की माझ्याही पोटात गोळा येतो. रात्री दोनला दवाखान्यात न्यायची वेळ आली की लागतो तो चुलतभाऊ, आतेभाऊ, मेहुणा. तिला सख्खं भावंड नाही. तुम्ही दोघं गेल्यावर फॉर्मवर 'जवळचा नातेवाईक' या रकान्यात ती कुणाचं नाव लिहील, हा तुझा प्रश्न मला रास्त वाटतो. फक्त त्याचं उत्तर म्हणून तिनं मूल जन्माला घालावं, हे त्या मुलावर जन्माआधीच चढवलेलं ओझं झालं.

त्यापेक्षा हे कर. तिला 'कधी' विचारायचं सोड. विचारायचंच असेल तर जावयासमोर विचार की समजा मूल झालं, तर आठवड्यातले कोणते दिवस कोण रजा घेणार, रात्री कोण उठणार, आणि त्यात तू काय काय उचलणार. तुझा वाटा आधी सांग, तोही नेमका. वर्षभर रोज दुपारी चार तास मी सांभाळीन, असं म्हणायची तयारी असेल तरच तोंड उघड. तेवढी तयारी नसेल तर गप्प बैस, ती तिची संध्याकाळ आहे.

आणि ती नाहीच म्हणाली तर तिची माणसं वाढवायला मदत कर. तुझ्या भाच्यांशी तुझं गेली काही वर्षं बोलणं नाही, ते सुरू कर. तिच्या मैत्रिणी घरी आल्या की चेहरा पाडून आत जाऊन बसू नकोस. तिच्या उतारवयात त्याच तिच्या उशाशी बसणार आहेत.

मी पुढच्या महिन्यात तिकडे येतोय. तिच्याशी गप्पा मारीन, भरपूर मारीन, पण हा विषय मी काढणार नाही आणि माझ्यासमोर तूही काढायचा नाहीस. कबूल असेल तर कळव, म्हणजे तिकीट काढतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र