नुकसानीचे आकडे मोजतो कोण?

संपादक महाशय,
सांगली-मिरजेत कुठे दगडफेक झाली, की दुसऱ्या दिवशीच्या अंकात ‘तणावपूर्ण शांतता’ आणि ‘लाखोंचे नुकसान’ ठरलेले. हे लाख कुणी मोजले आणि किती वाजता, याचा बातमीत पत्ता नसतो.

अमेरिकेत या सवयीची झडती 1968 सालीच झाली. वांशिक दंगलींच्या चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने अहवालातले एक अख्खे प्रकरण वृत्तमाध्यमांवर खर्च केले. 1967 च्या जुलैत डेट्रॉइट पेटले, 43 माणसे गेली. नुकसान 20 ते 50 कोटी डॉलरचे म्हणून छापून आले. अहवाल निघेपर्यंत सर्वांत मोठा अंदाजही साडेचार कोटींवर उतरला होता. दबा धरून गोळीबार झाल्याच्या बातम्यांत बहुतेक गोळ्या पोलिसांच्या किंवा नॅशनल गार्ड या राखीव सैनिकी दलाच्याच निघाल्या. बातमीदारांची भिस्त अधिकाऱ्यांवर, वस्तीत ओळख नाही. देशभरच्या संपादकीय कामांत कृष्णवर्णीय 5 टक्क्यांहून कमी!

1965 साली लॉस एंजेलिसमधली वॉट्स ही कृष्णवर्णीयांची वस्ती पेटली तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्सकडे कृष्णवर्णीय बातमीदार एकही नव्हता. जाहिरात विभागातला 24 वर्षांचा रॉबर्ट रिचर्डसन आत शिरला आणि सार्वजनिक फोनवरून मजकूर सांगत राहिला. त्या वार्तांकनाला 1966 चे पुलित्झर मिळाले, पेपरच्या नावावर.

आपल्याकडे निदान एवढे करता येईल. पंचनामा होईपर्यंत रुपये छापू नयेत, जळालेली दुकाने मोजून छापावीत. जखमींचा आकडा रुग्णालयातून घ्यावा, शेजारी वेळ टाकावी. पोलिसांचा आकडा वेगळा असेल तर तोही द्यावा, पण दोन रुग्णालयांच्या आकड्यांची डोळे झाकून बेरीज नको: सांगली सिव्हिलमधून मिरजेला हलवलेला जखमी दोन्हीकडच्या नोंदीत येतो.

वस्तीतलाच बातमीदार नेमला तर त्याची वहीही जपावी लागते. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल संघटनेच्या बातम्या देणारे न्यूयॉर्क टाइम्सचे अर्ल कॉल्डवेल यांच्याकडे 1970 साली ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) टिपणे आणि टेप मागितल्या. त्यांनी हजर राहायलाच नकार दिला; बंद दाराआड नुसते जाऊन आले तरी लोक पुन्हा तोंड उघडणार नाहीत, हे त्यांचे म्हणणे. 1972 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ते 5 विरुद्ध 4 असे हरले. आपल्या 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यातले कलम 15 सूत्राचे नाव झाकू देते, पण फक्त कौन्सिलपुढे. कोर्टात ते कामाला येत नाही. म्हणून बोलणाऱ्याचे पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर बातमीच्या वहीत लिहूच नये.

– पत्रकारितेचा एक शिक्षक, विश्रामबाग, सांगली