फक्त कागद बघून हिरा घेऊ नकोस

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला, तोही मानसी शेजारी असताना. तिला वाईट वाटलं असेल. पण तिच्या अंगठीसाठी डी कलरचा (म्हणजे अगदी रंगहीन, सर्वांत वरची ग्रेड), फ्लॉलेस (आत-बाहेर एकही डाग नसलेला) खडा घ्यायचा आणि त्यापायी कर्ज काढायचं, हे काही केल्या मनातून जात नाही. कर्जाबद्दल इथे एकदाच लिहिते, तो विषय पुन्हा काढणार नाही.

"खालच्या ग्रेडचा घेतला तर फिका दिसेल," असं तू म्हणालास. रंगाची ग्रेड कशी लावतात, ठाऊक आहे ना? खडा उपडा ठेवायचा, टोक वर करून, शेजारी नमुन्याचे खडे मांडायचे आणि बाजूने बघायचं. सुलटा ठेवला की चमकेत ती पिवळी झाक हरवते, म्हणून हा खटाटोप. अंगठीत बसवलेला जी कलरचा, म्हणजे डीच्या तीन पायऱ्या खालचा खडा एकटा समोर आला, तर तो डी नाही हे मीसुद्धा छातीठोकपणे सांगणार नाही, आणि माझा जन्म हिरे पारखण्याच्या टेबलावर गेला. क्लॅरिटी, म्हणजे खडा किती निर्दोष, ते ठरतं दहापट भिंगाखाली. व्हीव्हीएस या फ्लॉलेसच्या जवळच्या ग्रेडमधला ठिपका भिंगातूनही शोधावा लागतो. मानसी भिंग लावून हात बघणार आहे का? या वरच्या ग्रेडचे पैसे पडतात ते असे खडे दुर्मीळ असतात म्हणून.

खालच्या ग्रेडमध्ये मात्र डोळे उघडे ठेव. एसआय वन म्हणजे किंचित दोष असलेली ग्रेड; तसे दोन खडे घे. एकात पांढरी रेघ कडेला, कोंदणाच्या नखाखाली झाकली जाणारी. दुसऱ्यात धुरकट ढग, सगळा खडा दुधाळ करणारा. प्रमाणपत्राच्या कागदावर दोघांची ग्रेड एकच.

खरी जान कटमध्ये, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यात असते. वरून शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवरून उलटून पुन्हा वर आला पाहिजे. गोल खड्यात तळाचा कोन ४१ अंशांच्या आसपास लागतो. मार्सेल टॉलकोव्स्कीने १९१९ मध्येच याचं गणित मांडलं होतं. तळ उथळ झाला की मधल्या सपाट पैलूत राखाडी कडं दिसतं, फार खोल झाला की मध्यभागी काळोख. खोल खड्याचं वजन पोटात दडतं, म्हणजे कॅरेट भरतो पण वरून खडा लहान. आणि गोल खड्यांना कटची ग्रेड जीआयएने, म्हणजे हिऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन संस्थेने द्यायला लागून फार काळ नाही झाला, २००६ पासून. एक्सलंट ही कटची सर्वांत वरची ग्रेड मिळालेल्या दोन खड्यांतही एक डावा असू शकतो.

बघ, पुन्हा शिकवणी सुरू झाली. राग मानू नकोस. आजीची अंगठी आठवते? जुन्या कटचा खडा, पिवळसर, भिंगाखाली काळा डाग स्पष्ट. आज त्याला कुणी चांगली ग्रेड देणार नाही. पण संध्याकाळी दिव्याजवळ तिने हात हलवला की लाल-निळे झोत उठायचे. त्या पैलूंचा आकारच मोठा, म्हणून झोतही रुंद. तू तिचा हात धरून पुन्हा पुन्हा फिरवायला लावायचास. माझ्या टेबलाशी येऊन दोन खड्यांतला "हा जागा आहे" म्हणून बोट ठेवायचास, आणि बहुतेक वेळा तोच उजवा असायचा. तुझी ती नजर मला फार आवडायची. तीच आता बाजूला ठेवून तू कागदावरची अक्षरं बघतोयस, याची भीती वाटते. कर्जाचीही वाटते. लिहिणार नव्हते, लिहिलं.

तर एवढं कर. दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली सगळेच खडे चमकतात. दोन-तीन खडे खिडकीशी नेऊन बघ, मग झाडाच्या सावलीत, मग साध्या ट्यूबलाइटखाली. शेजारी मानसी असू दे, आणि तिला ग्रेड आधी सांगू नकोस. तोवर कर्जाच्या कागदांवर सही करू नकोस. बाबांना मी यातलं काही बोललेले नाही.

रविवारी फोन कर. मी आधी मानसीशी बोलेन.

तुझी,
आई