बेणारेबाईंना ते मूल का हवे होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचा तासाभराचा संक्षिप्त प्रयोग केला आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चाही ठेवली. चर्चेत एका ज्येष्ठ रसिकांनी असे मत मांडले की, नाटकातली अविवाहित, गरोदर शिक्षिका लीला बेणारे कितीही मोकळीढाकळी दाखवली असली तरी अखेर तिच्यातली आई जिंकते आणि तिथेच हे नाटक आपल्या मातीतले ठरते. त्यावर एका तरुणीने नेमकी उलट बाजू घेतली. इतक्या स्वतंत्र वृत्तीच्या बाईला शेवटी मुलाच्या खुंटीला बांधून टाकण्यात लेखकाचे पुरुषीपण दिसते, असे तिचे म्हणणे होते. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेली आणि हे नाटक अनेकदा वाचलेली मी मात्र अस्वस्थ होऊन घरी आले, कारण मूल हवे असण्याची जी कारणे बेणारे स्वतःच्या तोंडाने सांगते, ती दोघांपैकी कोणीच विचारात घेतली नव्हती.

नाटक 1967 साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने रंगमंचावर आणले, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे आणि बेणारे सुलभा देशपांडे यांची. त्यानंतरच्या जवळजवळ साठ वर्षांत या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले असले, तरी बेणारेच्या निर्णयाविषयी आपण बहुधा इतर पात्रांच्या तोंडची माहितीच प्रमाण मानत आलो आहोत. याचे एक ठळक उदाहरण देते. तिच्या पोटातल्या मुलाचे वडील असलेल्या प्राध्यापक दामलेंच्या खोलीत जाऊन ‘आता मी कुठे जाऊ’ म्हणून विनवणी करणारी बेणारे अनेकांच्या स्मरणात पक्की बसलेली असते. नाटकात असा प्रसंग घडतच नाही. बेणारेच्या हौशी नाटकमंडळीने खेळ म्हणून मांडलेल्या आणि तिलाच आरोपी केलेल्या अभिरूप न्यायालयात सामंत हा गावकरी साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि हातातल्या एका बाजारू कादंबरीतला उतारा आपण पाहिलेली हकीकत म्हणून सांगतो, तो हा प्रसंग. तो ऐकताना बेणारेचा चेहरा उतरतो हे खरे. पण टाकलेली, रडणारी, दयेवर जगू पाहणारी जी बाई आपण बेणारे म्हणून लक्षात ठेवतो, तिची वाक्ये कादंबरीची आहेत. सामंत बिचारा निष्पाप आहे. कादंबरीतली बाई खऱ्या बाईच्या जागी बसवण्याची घाई बाकीच्या मंडळींना झालेली असते, आणि मला भीती वाटते की तीच घाई आपल्यालाही होते.

प्रत्यक्ष कारणांचा पहिला धागा मंडळीतल्याच पोंक्षेच्या साक्षीत सापडतो. उडुपी हॉटेलातल्या भेटीत बेणारेने आपल्यापुढे लग्नाचा प्रस्ताव ठेवला, मूल दामलेंचे असल्याचे सांगितले आणि त्या मुलाला वाढवण्यासाठीच तिला जगायचे आणि लग्न करायचे आहे असे म्हटले, हे तो खिजवण्याच्या सुरात सांगतो. सूर बाजूला ठेवून मजकूर पाहावा. याच बाईजवळ ढेकूण मारायच्या टिक-ट्वेंटीची बाटली आहे, म्हणजे मरणाचा विचार तिने किती जवळ बाळगला होता हे उघड आहे. ते मूल तिला जगण्याचे कारण वाटते. दामलेंना परत मिळवण्याचे साधन म्हणून ती त्याच्याकडे पाहत नाही. तसे असते तर तिने पोंक्षेपुढे आणि मंडळीतल्या बाळू रोकडेपुढे लग्नाची गोष्ट काढलीच नसती. हे दोन्ही पुरुष तिच्या मनात भरण्यासारखे नाहीत, हे पहिल्या अंकातली तिची थट्टा ऐकणाऱ्या कोणालाही कळते. तरीही ती त्यांच्यापुढे पदर पसरते, कारण मुलाला बापाचे नाव लागते. स्वतःसाठी जे तिने कधीच मागितले नसते, ते ती मुलासाठी मागते आणि त्यापायी अपमान सोसते.

दुसरा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धागा तिसऱ्या अंकातल्या तिच्या दीर्घ स्वगतात आहे. न्यायालयाने तिला बोलायला दहा सेकंद दिलेले असतात. बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात आणि ती जे बोलते ते त्यांच्यापैकी कोणालाच ऐकू जात नाही, फक्त आपल्याला ऐकू येते. कोवळ्या वयात सख्ख्या मामावर केलेले प्रेम आणि त्यानंतरचा जीव देण्याचा प्रयत्न ती सांगते. मग मोठेपणी एका विद्वानाची केलेली पूजा सांगते, ज्याने शरीराचा नैवेद्य घेतला आणि मनाकडे ढुंकूनही पाहिले नाही. दोन्ही वेळा शरीराने घात केला, म्हणून तिला शरीराचा संताप आहे. आणि नेमके इथेच ती थांबते आणि स्वतःलाच बजावते की कृतघ्न होऊ नकोस, याच शरीराने तुला एकदा स्वर्गाच्या जवळ नेले होते. पोटातले मूल त्या क्षणाचे साक्षीदार आहे, आणि म्हणून हे शरीर आता तिला पुन्हा हवे आहे, त्या मुलासाठी हवे आहे. माणूस खोटा निघाला तरी आपण अनुभवलेले सुख खोटे नव्हते, असे म्हणण्याचे धैर्य तिला ते मूल देते. या विचारात मला ‘मातृत्वाची सहजप्रवृत्ती’ दिसत नाही. भोगलेल्या सगळ्या आयुष्याचा हिशेब मांडून एका प्रौढ स्त्रीने काढलेला तो निष्कर्ष आहे.

त्या संध्याकाळच्या संक्षिप्त प्रयोगात वेळेअभावी स्वगताचा हाच भाग गाळला होता. शरीराबद्दलची वाक्ये गेली आणि मुलाला आई हवी, बाप हवा, घर हवे, एवढेच उरले. उरलेल्या वाक्यांवरून ज्येष्ठ रसिकांना आई दिसली आणि तरुणीला बेडी दिसली, यात दोघांचाही दोष नाही.

‘आई जिंकते’ या मताबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मातृत्वाच्या पावित्र्याची सर्वांत घसघशीत भाषणे या नाटकात वकील सुखात्मे करतात आणि न्यायाधीश झालेले काशीकर त्यावर मान डोलावतात. भ्रूणहत्येच्या आरोपावरून चाललेल्या खटल्याचा शेवट, पोटातले मूल नष्ट करावे या शिक्षेने हेच न्यायासन करते. स्वतःला मूल नाही म्हणून बाळू रोकडेला घरात वाढवून त्याचा घरगडी करून टाकणारे काशीकर दांपत्य दुसरीच्या मातृत्वाचा निवाडा करते, हे दृश्य मला दर वाचनात तितकेच असह्य होते. शिक्षा ऐकताच बेणारे किंचाळून नकार देते. तोवर खटल्यातल्या प्रश्नांना तिने बहुतेक वेळा मौनानेच उत्तर दिलेले असते. निर्णय आपला आहे हे उघडपणे सांगायला ती उभी राहते ती तेव्हाच.

त्या काळाचा कायदाही लक्षात घ्यावा. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 साली झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. त्याआधी स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणासाठी गर्भपात करणे हा गुन्हाच होता. अविवाहित मातेला वडिलांचे नाव उघड न करता मुलाची पालक होता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले, आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी येऊ लागले. बेणारेपुढे यातले काहीही नव्हते. म्हणूनच पोंक्षेसारख्यापुढे तिने केलेल्या याचनेवरून तिची कुचेष्टा करणाऱ्यांचा मला राग येतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रवेशाच्या टेबलावर मी बसले असताना एका आईने अर्ज भरता भरता वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी पेन थांबवले आणि खालच्या आवाजात विचारले, “इथे माझंच नाव लिहिलं तर चालेल का हो बाई?” मी तिला मुख्याध्यापकांना भेटायला सांगितले. मागे रांग होती, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेले कारण. ती उठून गेली ती परत आली नाही. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मुलीने टेबलावरची खडूची पेटी उघडून पाहिली होती, एवढे आठवते.

आपल्या वृत्तपत्रामार्फत हौशी आणि महाविद्यालयीन नाट्यसंस्थांना माझी विनंती आहे की प्रयोग कितीही लहान करावा लागला तरी बेणारेच्या स्वगतातली शरीराविषयीची वाक्ये कापू नयेत. कापायचेच असेल तर सुखात्म्यांची भाषणे कापावीत. चर्चा संपल्यावर मी रंगपटात जाऊन बेणारे झालेल्या मुलीला हेच सांगितले. मेकअप अर्धा पुसलेला, अशा अवस्थेत तिने माझ्याजवळची जुनी प्रत मागून घेतली आणि गाळलेले अर्धे पान तिथेच उभ्याने वहीत उतरवून घेतले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा