पागोट्याचा हुलकावा

मॅडिसन कॅम्पग्राउंड, यलोस्टोन, अमेरिका
१९ जून

प्रिय दिग्या,

परवा फोनवर म्हणालास, "गीझर बघायला एवढ्या लांब कशाला गेलास, आमच्या न्हाणीघरात आहे की!" वहिनीसुद्धा मागून हसल्या. तेव्हाच ठरवलं, हे तोंडी सांगायचं नाही, बैजवार लिहायचं.

इथला गीझर म्हणजे जमिनीतून मधूनमधून उसळणारा गरम पाण्याचा झरा. त्यातला ओल्ड फेथफुल आधी पाहिला. सगळे तोच पाहतात. अर्धगोलात बाकं, बाकांवर हजारभर माणसं, प्रत्येकाचा फोन वर. पुढची वेळ आधीच जाहीर झालेली असते, दहा मिनिटं इकडेतिकडे. त्यांचा हिशोब सोपा आहे: मागचा उसळा थोडक्यात आटोपला असेल तर पुढचा लवकर, लांबला असेल तर दीड तासाने. आपल्या सकाळच्या एस.टी.पेक्षा वक्तशीर. पाणी उसळलं, शंभर-सव्वाशे फूट चढलं, टाळ्या पडल्या आणि पाच मिनिटांत सगळे गाड्यांकडे. १८८२ साली सैनिकांनी म्हणे याच्या तोंडात कपडे टाकून धुऊन घेतले होते. सुती झकास निघाले, लोकरीच्या चिंध्या झाल्या. मला उसळ्यापेक्षा हीच गोष्ट जास्त आवडली.

खरी मजा पुढे, लाकडी पायवाटेने वीसेक मिनिटं चालून गेल्यावर. तिथे 'ग्रँड' आहे. ओल्ड फेथफुलला शंकूसारखं तोंड आहे, याचं नुसतं डबकं. शेजारी दोन लहान भावंडं, 'व्हेंट' आणि 'टर्बन'. टर्बन म्हणजे आपलं पागोटं! समोरच्या बाकांवर माणसं ठाण मांडून बसलेली. उन्हाच्या टोप्या, डबे, वॉकीटॉकी, वह्या. यांना 'गेझर' म्हणतात, म्हणजे टक लावून बघणारे. सुट्टी काढून येतात आणि कोण किती वाजता उसळलं हे मिनिटासकट टिपून ठेवतात.

माझ्या शेजारी एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. त्यांनी मला शिष्य करून घेतलं. पागोटं साधारण दर वीस मिनिटांनी उसळतं. ग्रँडला यायचं असेल तर तो पागोट्याच्या सुरुवातीलाच येतो. म्हणजे आधी डबकं काठोकाठ भरायला हवं, मग काठावर बारीक लाटा दिसायला हव्यात. लाटा आल्या की बाई वहीवर पेन टेकवून थांबायच्या. पागोटं उसळायचं, ग्रँड ढिम्म. बाकांवरून एक सामुदायिक "अर्र!" आणि परत वीस मिनिटं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, बाईंच्या वहीत असेल.

मधल्या वेळात त्यांनी आतलं यंत्र समजावलं. पावसाचं, बर्फाचं पाणी खोल मुरतं. खाली ज्वालामुखीच्या शिलारसाने तापलेला खडक. तिथून गरम पाणी अरुंद वाटांनी वर येतं. उंचीमुळे वर पाणी ९३ अंशांलाच उकळतं (पोरीने स्टोव्हवर लावलेला भात कच्चा का राहिला ते तिथे कळलं!), पण खाली वरच्या पाण्याचा एवढा भार असतो की त्याहून कितीतरी जास्त तापूनही ते उकळत नाही. मग वरचं थोडं पाणी सांडतं, भार हलका होतो आणि खालच्याची एकदम वाफ होते. घाईने कुकरचं झाकण उघडलं तर काय होईल, तसं. खडकातली सिलिका पाण्याबरोबर येऊन नळीला आतून गिलावा करते, म्हणून दाब टिकतो. पण जमीन हलली की ही नळजोडणी बिघडते. १९५९ च्या ऑगस्टमध्ये जवळच मोठा भूकंप झाला, तेव्हा इथल्या कित्येक झऱ्यांचं वेळापत्रकच बदललं.

सव्वातीन तास झाले होते. पोरगी म्हणाली, "बाबा, निघूया." मी उठलोसुद्धा. तेवढ्यात बाईंनी माझी बाही ओढली. डबकं फुगलं, दिग्या. दूध उतू जाताना फुगतं तसं. आणि मग भडाभड, एकावर एक, वर, अजून वर, दीडशे फुटांच्या पुढे. शेजारी पागोटं आणि व्हेंट नाचतायत, पायाखालच्या फळ्या थरथरतायत. आठ-नऊ मिनिटांनी सगळं खाली बसलं. मी टाळ्या वाजवायला लागलो तर बाई ओरडल्या, "थांबा!" सगळे गेझर डबक्याला हाका मारायला लागले, पुन्हा ये म्हणून. आणि आला! दुसरा उसळा पहिल्यापेक्षा उंच. साठीची माणसं मिठ्या मारत होती. बाईंनी डोळे पुसले आणि आधी वेळ लिहिली.

तेव्हा तुझी आई आठवली. "गंगा आली!" म्हणून सगळ्या आळीला उठवायची. आपली राजापूरची गंगा, जमिनीतून अचानक येणारं पाणी. तीन वर्षांनी येते म्हणतात, पण ती कधी आधी, कधी उशिरा. काकू मात्र कळशी घासूनच ठेवायच्या. वडाच्या मुळाशी पाणी, चौदा कुंडं, मग खाली उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर अंघोळ. तिथे वाफ नाही, उसळणं नाही, कारणंही वेगळी. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा अंगणात उभा राहून म्हणालो होतो, "काकू, पाण्याची वाट कसली बघायची?" त्या काही बोलल्या नाहीत, मला पोहे दिले. तुला आठवत नसेल. मला त्या बाकावर आठवलं.

पुढच्या वेळी गंगा आली की फोन कर, इथे रात्र असली तरी.

अक्षर वाकडं आलंय, कारण वारा आमच्याकडे होता आणि फवारा थेट चष्म्यावर आला. पाणी सुकलं, सिलिकाचे ठिपके राहिले. ते पुसून जात नाहीत. पोरगी म्हणते, नवी काच घालूया. बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मध्या