अर्ध्या पगाराचा हिशोब

कोल्हापूर,
१४ जून २०२४

प्रिय सुऱ्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. परवा तुझा फोन आला तेव्हा शेडमध्ये ग्राइंडर चालू होता आणि तू जे विचारलंस ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. रात्री फोन लावणार होतो, पण फोनवर आपण दोघं पाचव्या मिनिटाला भांडायला लागतो. म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे, त्यांना उत्तरपत्रिकांची सवय आहे.

"जून २०२१ मध्ये कोरोनाच्या बंदात दुकानं उघडा म्हणून माझ्या अंगावर आला होतास, आज पुन्हा तीच वेळ आली तर तेच म्हणशील का?" हा तुझा प्रश्न. पोरांपुढं या विषयावर बोलायचंय आणि एक 'व्यापारी बाजू' हवी आहे, असंही म्हणालास. व्यापारी कसला मर्दा, उद्यमनगरात सात माणसांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. पण बाजू होती खरी.

त्या वेळचं आठव. राज्यानं पाच स्तर पाडले होते, पॉझिटिव्हिटी, म्हणजे तपासलेल्या शंभरात किती जणांना रोग निघतो, ती आणि ऑक्सिजनचे बेड किती भरलेत ते बघून. तुमचं पुणं हळूहळू उघडत होतं आणि आम्ही चौथ्या, कडक निर्बंधांच्या स्तरात अडकलेलो. आमच्याकडं लाट उशिरा चढली आणि उतरलीही उशिरा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून महाद्वार रोडची कापडाची दुकानं बंद, गुजरी बंद, चप्पल लाईन बंद. अंबाबाईचं देऊळ बंद म्हटल्यावर त्या रस्त्याला उघडूनही गिऱ्हाईक कुठलं? तरी व्यापारी रस्त्यावर आले, मीही गेलो. माझं वर्कशॉप त्या यादीत बसत नव्हतं, पण माझा राग बसत होता.

त्या रागाचं मूळ २०२० मध्ये आहे. २५ मार्चला देश बंद झाला तेव्हा आमच्या जिल्ह्यात रोग जवळजवळ नव्हताच. आमच्याकडं खरी गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरात झाली. म्हणजे रोग गावात नव्हता तेव्हा आम्ही दारं लावून बसलो आणि तो आला तेव्हा गल्ला रिकामा, धीर संपलेला, 'आता काय व्हायचं ते होऊ दे' अशी माणसांची मनःस्थिती. बंद चूक होता असं मी आज म्हणत नाही. बेड वाढवायला, शिकायला वेळ मिळाला, हे तुझं म्हणणं मान्य. पण एका गावाचा वेळ दुसऱ्या गावाच्या घड्याळावर मोजला गेला, ही माझी तक्रार अजून आहे.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी तेव्हा भांडणाच्या भरात सांगितली नव्हती.

आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास, म्हणून ऑर्डरी उन्हाळ्यात. जाड प्लेट कापायला गॅस कटिंग, आणि गॅस कटिंगला ऑक्सिजन. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्रानं मोजके उद्योग सोडून बाकीच्यांचा ऑक्सिजन बंद केला, सगळा दवाखान्यांकडं. गॅस एजन्सीचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि शेडमधले भरलेले चार जंबो सिलिंडर घेऊन गेला. मी जीएसटीच्या बिलावर सही केली आणि टेम्पो वळेपर्यंत बघत उभा राहिलो.

त्या रात्री मी गणित केलं. जंबोत सात हजार लिटर. पेशंटला मिनिटाला दहा लिटर लागत असेल, तर एक सिलिंडर अकरा तास चाळीस मिनिटं. चार म्हणजे एका माणसाचे दोन दिवसही नाहीत. माझ्याकडं तेच चार सिलिंडर म्हणजे दोन ट्रॉल्यांची कापणी, ती अडली की पुढचं वेल्डिंग अडतं आणि पोरं बसून राहतात. तू म्हणतोस 'जीव विरुद्ध पैसा', पण ते दोन्ही माझ्या शेडमध्ये एकाच लोखंडी नळकांड्यात भरलेलं होतं. कुणीही शहाणा माणूस सिलिंडर दवाखान्यालाच देईल, मीही दिला. त्याबद्दल कुरकुर नाही. मी विचार करत राहिलो तो पुढचा: पोरं बसून राहिली, त्यांच्या बसण्याची किंमत कुणी द्यायची?

तू पाठवलेला तो शिकागोच्या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास, गूल्सबी आणि सायव्हर्सन, मी तेव्हा रागानं उघडलाच नव्हता. परवा पोरीकडून समजून घेतला. मोबाइलच्या माहितीवरून त्यांनी पाहिलं की अमेरिकेत दुकानांकडची वर्दळ ६० टक्क्यांनी घटली, आणि त्या साठातले जेमतेम सात सरकारी हुकमामुळं. बाकीचं माणसं आपणहून घरी बसली म्हणून. बंदी उठवली म्हणून गिऱ्हाईक येत नाही, रोग हटला तर येतं. हे मला पटतं. जुलै २०२१ मध्ये महाद्वार रोड उघडला तेव्हा शेजारच्या कापडवाल्यानं दिवसभरात दोन परकर आणि एक टॉवेल विकला होता.

पण तुझ्या अभ्यासात एक भोक आहे. घाबरून घरी बसायला घरात डाळ-तांदूळ लागतात. माझ्या हातावर पोट असणाऱ्या पोरांना भीती वाटत होती, परवडत नव्हती.

तात्या आठवतो तुला? आमचा जुना फिटर, गांधीनगरहून सायकलीवर यायचा. तेव्हा ५८ वर्षांचा. २०२० च्या बंदात मी सगळ्यांना दोन महिने अर्धा पगार दिला. सात जणांचा पूर्ण पगार मिळून महिन्याला ९० हजार, म्हणजे दोन महिन्यांत ९० हजार 'वाचवले'. गृह मंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश होता, बंद काळात पूर्ण पगार द्या म्हणून. तो १८ मेपासून मागं घेतला गेला. द्यायचे कुठून हे आदेशात नव्हतं. बँकेनं हप्ते सहा महिने पुढं ढकलले, व्याज मात्र चढतच होतं, आणि नंतरच्या योजनेत मिळालं ते आणखी कर्जच. ब्रिटनमध्ये सरकारनं पगाराचे ८० टक्के उचलले, असं तूच सांगितलं होतंस. इथं तो बोजा सात माणसांच्या वर्कशॉपवर ढकलला आणि मी तो पुढं त्या सात माणसांवर ढकलला. २०२१ मध्ये तर नियम सोपा केला: ज्या दिवशी काम, त्या दिवसाचा पगार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात थोडा ऑक्सिजन सुटायला लागला, काम सुरू झालं. तात्या रोज आला. चौथ्या दिवशी मला तो ट्रॉलीच्या चेसिसला टेकून बसलेला दिसला. "काय झालं?" "उन्हाचं जरा." अंगाला हात लावला तर तवा. चार दिवस ताप होता आणि पॅरासिटामॉल खाऊन सायकल मारत येत होता. घरी बसला असता तर दहा दिवसांचे सहा हजार गेले असते. माझ्याच नियमानं.

तात्या वाचला. अकरा दिवस सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. कुणाच्या शेडमधला सिलिंडर, देव जाणे. पण त्याच्यामागं आणखी तिघं पॉझिटिव्ह आले, शेड पंधरा दिवस बंद, दोन ट्रॉल्यांची ऑर्डर हातची गेली. सहा हजार वाचवायला बसलो होतो मी.

आमच्यासारख्यांना ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमाही नाही. दहा माणसं असली की लागू होतो, आजारपणात ७० टक्के पगार, ९१ दिवसांपर्यंत. मी मुद्दाम सातवर थांबलो होतो असं नाही, पण आठवा-नववा घ्यायची वेळ आली तेव्हा ते डोक्यात नव्हतं असंही नाही. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. आणि राज्यानं एप्रिल २०२१ मध्ये ५,४७६ कोटींचं पॅकेज दिलं, त्यात नोंदणीकृत बांधकाम मजूर, घरकामगार, फेरीवाले आणि रिक्षावाल्यांना दीड हजार रुपये होते. वर्कशॉपमधला फिटर त्या यादीत कुठंच नव्हता.

आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. प्लेगात गाव मोकळं करून माणसं माळावर झोपड्यांत राहायची, शाहू महाराजांच्या काळात. जबरदस्ती तेव्हाही असणारच. तुमच्या पुण्यात त्याच प्लेगात रँडचं काय झालं ते तुला मी सांगायला नको. आणि २०२० मध्ये लावला तो साथरोग कायदाही १८९७ चाच. तेव्हापासून हुकूम काढायचा कायदा शाबूत आहे. हुकमाखाली बसलेल्याच्या चुलीचं काय, याचा तेवढाच जुना आणि पक्का कायदा कुठं आहे ते मला दाखव.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दुकानं उघडा म्हणून पुन्हा रस्त्यावर उतरेन का? बहुतेक नाही. पण बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही तुझ्यासारखा छातीठोकपणे उभा राहणार नाही. मी विचारेन की बंद किती दिवस, कुठल्या गावात, आणि त्या दिवसांचा पगार कुणाच्या खिशातून. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिले दोन घेऊन मी काय करू? स्वीडनचं नाव काढू नकोस. त्यांनी बंद केलं नाही तरी धंदा बसला, असं तू म्हणायचास, आणि मी म्हणायचो की अखेर त्यांचं काय बिघडलं. आपण दोघांनी मिळून त्या देशाला इतकं राबवलंय की त्यांनी आपल्याला मजुरी मागावी.

एक करून ठेवलंय. २०२२ पासून ताप आला तर वर्षाला सात दिवस भरपगारी, चिठ्ठी न मागता. लई मोठं काही नाही. तात्या आता स्टोअर बघतो, जिना चढला की धापा टाकतो, आणि त्या सात दिवसांची वही त्याच्याकडंच असते. मागच्या महिन्यात नवा वेल्डर सकाळी फोनवर म्हणाला, "मालक, अंग गरम हाय, आज येत न्हाई." आणि सुऱ्या, एवढं सगळं होऊनसुद्धा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "खरंच ताप आहे का रे?"

तात्या समोरच बसला होता. काही बोलला नाही. वहीत त्या पोराच्या नावापुढं तारीख टाकली.

तुझा,
बाळ्या

ता. क. : तुझ्या पोरांना तात्याचं नाव सांगू नकोस. फिटर म्हण, पुरे.