कोर्ट उठेपर्यंत

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : शिक्षा कमी झाली असं वाटलं तर मेलेल्याच्या घरच्यांनी जायचं कुठं, याबाबत.

मंत्रीमहोदय, सप्रेम नमस्कार.

मी एसटीचा निवृत्त चालक. एकतीस वर्षं स्टेअरिंगवर काढली. चोपडा-जळगाव, शिरपूर-धुळे, आणि यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातून जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता, यांवरचे खड्डे मला पाहुण्यांसारखे ओळखीचे आहेत. म्हणून आधीच सांगून टाकतो, अपघात केलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला आयुष्यभर आत टाका असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझ्या गाडीखाली एकदा एक सायकलवाला येता येता वाचला. त्याचा पाय मोडला. मी सगळ्या प्रवाशांसकट गाडी तशीच सरकारी दवाखान्यात नेली. त्या दिवशी कोणी लग्नाला उशिरा पोचलं, कोणाची तारीख चुकली, पण एकही प्रवासी कुरकुरला नाही. मी निलंबित झालो, चौकशी झाली, चूक माझी नव्हती असं निघालं आणि परत रुजू झालो. ते दिवस मला लागले, पण चौकशी व्हायला नको होती असं कधी वाटलं नाही.

आता आप्पाची गोष्ट. आप्पा माझा शाळेपासूनचा मित्र. नाव मुद्दाम देत नाही, वहिनींना नको आहे. आम्ही चौघं होतो : आप्पा, नाना, बापू आणि मी. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी नानाच्या खताच्या दुकानापुढच्या बाकावर. मी मुक्कामी गाडीवर असलो की माझी जागा तशीच रिकामी ठेवायचे. डिसेंबर २०१७ मधल्या एका शनिवारी नानाच्या मळ्यात भरीत पार्टी होती. बामणोदची वांगी आप्पानंच आणली होती. कपाशीच्या काड्या पेटवून त्यानंच भाजली, आणि मिरची कमी पडली म्हणून आम्हाला शिव्याही घातल्या. कळण्याच्या भाकरी, वर कांद्याची पात. रात्री साडेअकराला उठलो. पहाटे सव्वासहाला आप्पा दुधाच्या किटल्या अडकवून एम-ऐंशीवर निघाला, तो फाट्याच्या वळणावर वाळूच्या डंपरखाली गेला.

डंपर थांबला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं की ड्रायव्हरनं जखमीला दवाखान्यात पोचवण्याची तजवीज करायची. आप्पा वीसेक मिनिटं जिवंत होता, असं पहिल्यांदा पोचलेल्या केळीच्या ट्रकवाल्यानं साक्षीत सांगितलं. डंपरच्या नंबरपाटीला चिखल फासलेला होता. गिरणा-तापीच्या काठच्या माणसाला तो चिखल कशासाठी असतो हे सांगावं लागत नाही. पुढं पंपावरच्या एका पोरानं गाडी ओळखली, तेव्हा कळलं की स्टेअरिंगवर बापूचा भाचा होता.

त्या दुपारी गावातली पंचवीस-तीस पोरं डंपर पेटवायला निघाली होती. मी आणि नाना आडवे झालो. मी त्यांना म्हणालो होतो, "कायदा आहे, कोर्ट आहे, गावाला डाग लावू नका." पोरं माझ्या वयाकडे पाहून परतली. हे वाक्य मला पुढं सात वर्षं पुरलं आणि मग एका दुपारी संपलं.

खटला जुन्या भारतीय दंड संहितेखाली चालला. कलम ३०४ अ, निष्काळजीपणानं मृत्यू : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याच पुस्तकात साध्या चोरीला, कलम ३७९ खाली, तीन वर्षांपर्यंत कैद होती. म्हणजे आप्पाच्या विहिरीवरची मोटर कोणी चोरली असती तर तो माणूस कायद्याच्या नजरेत आप्पाला मारणाऱ्यापेक्षा मोठा गुन्हेगार. आमच्याकडे केबल आणि मोटरी आठवड्याला चोरीला जातात, त्यामुळे हा हिशेब बाकावर अनेकदा झाला. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली आणि कलम १०६ मध्ये दोनाचे पाच झाले, ही चांगली गोष्ट. शिक्षेत कैद धरलीच पाहिजे असंही झालं. पण पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारं त्याच कलमाचं दुसरं पोटकलम जानेवारी २०२४ मधल्या ट्रकवाल्यांच्या संपानंतर बाजूला राहिलं. नवा कायदा लागू झाला तेव्हाही तेवढं वगळूनच. ड्रायव्हर म्हणून मला त्या संपातली भीती कळते. थांबलं तर जमाव मारतो, ही खोटी भीती नाही. पण मग थांबणाऱ्याला संरक्षण आणि पळणाऱ्याला शिक्षा, असं काहीतरी तुम्ही लोकांनी बसून काढायला हवं होतं. पोटकलम कपाटात ठेवणं हा तोडगा नव्हे.

आणि आकडा पाच केला तरी पुढचा शब्द तोच आहे. "पर्यंत". पाच वर्षांपर्यंत. खाली किती, ते कोणी लिहिलेलं नाही.

निकाल २०२५ च्या सुरुवातीला लागला. वहिनी, त्यांचा धाकटा मुलगा आणि मी गेलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास आरोपी दोषी ठरला. मला घाम फुटला, वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग शिक्षेवर बोलणं झालं. आरोपीचा पहिलाच गुन्हा आहे, आईवडील म्हातारे आहेत, लेकरं लहान आहेत, आणि सात वर्षं त्यानं खटल्याचा ताण सोसला आहे. हे शेवटचं मला अजून पचत नाही. तारखा त्याला पडल्या तेव्हा आम्हालाही पडल्या. तो मोटरसायकलवर यायचा, वहिनी दोन गाड्या बदलून. निम्म्या तारखा त्याच्याच बाजूनं वाढवून घेतलेल्या. उशीर त्याच्या खात्यावर जमा झाला, आमच्या खात्यावर नुसता खर्च.

शिक्षा : कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि दहा हजार रुपये दंड.

मंत्रीमहोदय, तुम्ही वकिलांच्या भाषेत वावरता, तुम्हाला हे शब्द नेहमीचे असतील. वहिनींनी मला कोपरानं ढोसून विचारलं, "भाऊ, कोरट उठनं म्हंजे काय?" मी सांगितलं की साहेब उठून जाईपर्यंत त्यानं तिथंच बसायचं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो मागच्या बाकावर बसला होता, मोबाइल बाहेर जमा केलेला, म्हणून हाताशी चाळा नव्हता एवढीच अडचण. मध्ये एकदा कोणीतरी त्याला पाण्याची बाटली दिली. पावणेसहाला कोर्ट उठलं. वहिनी म्हणाल्या, "सरनी का सजा?"

सरली. आम्ही सव्वासहाची गाडी धरली. गाडी फाट्यावर पोचायच्या आत तो बुलेटवरून आम्हाला ओव्हरटेक करून गेला. वळणावरच. ड्रायव्हरची नजर जात नाही, मी पाहिलं : हेल्मेट नव्हतं. लायसन्स मात्र खिशात असणार, कारण ते कोणी काढून घेतलंच नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० प्रमाणे कोर्ट दोषी ड्रायव्हरला लायसन्ससाठी अपात्र ठरवू शकतं. आमच्या निकालात त्यावर एक ओळ नाही. दंडाच्या रकमेतून घरच्यांना भरपाई देण्याची सोयही कायद्यात आहे, तीही वापरली नाही. दहा हजार सरकारजमा. (विम्याच्या भरपाईचा दावा वेगळा होता, तो मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही.)

मला विचाराल तर त्याला दोन वर्षं डांबून काय मिळणार होतं, हे मलाही ठाऊक नाही. त्याला पाच वर्षं कुठलंही वाहन चालवू दिलं नसतं आणि रोज सकाळी सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात फरशी पुसायला लावली असती, तरी मी समाधानानं घरी आलो असतो. सामुदायिक सेवेची शिक्षा नव्या संहितेत आली आहे, पण ती किरकोळ चोरी, दारू पिऊन धिंगाणा अशा गुन्ह्यांना. आमच्या कामाची नाही.

आणि कोर्टांना दया येते तीही सगळ्यांना सारखी नाही. तारखांना जाता जाता सातपुड्याच्या पायथ्याचा एक पावरा आदिवासी बाप ओळखीचा झाला. त्याच्या पोरावर मोटरसायकल चोरल्याचा आरोप. जामीन मिळालेला होता, पण जामीनदार म्हणून उभं राहायला सातबारावाला माणूस मिळेना, म्हणून पोरगा पाच महिने आत. त्याच्यावर गुन्हा शाबितही झाला नव्हता. डंपरवाला दोषी ठरून पावणेतीन तास बसला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. आम्ही वकिलाला म्हणालो, अपील करू. त्यानं पुस्तक उघडून दाखवलं. आरोपी सुटला असता तर वहिनींना अपील करता आलं असतं. भरपाई कमी वाटली असती तरी करता आलं असतं. कमी दर्जाच्या गुन्ह्याखाली दोषी धरलं असतं तरी. २००९ च्या शेवटी कायदा बदलून पीडिताला हे हक्क दिले गेले. पण शिक्षा कमी झाली, या कारणासाठी पीडिताला अपिलाचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०२० मध्ये हेच स्पष्ट केलं. रिव्हिजनचा, म्हणजे वरच्या कोर्टानं निकाल तपासून पाहावा असा, अर्ज करता येतो, पण ती विनंती झाली, हक्क नव्हे. कमी शिक्षेविरुद्ध अपील करू शकतं फक्त सरकार. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७७, तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४१८.

म्हणजे तुम्ही.

म्हणून वहिनींनी आमच्या जिल्ह्यातल्या संबंधित सरकारी कार्यालयात अर्ज दिला. मी लिहिला, त्यांनी सही केली. पोच मिळाली, शिक्का आहे, आवक नंबर आहे. मग मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा सांगितलं फाइल वर गेली आहे. दुसऱ्यांदा, वरून आली नाही. तिसऱ्यांदा, बाबा, मुदत संपून गेली, आता कशाला हेलपाटे घालता. कोणी उद्धट बोललं नाही, चहासुद्धा विचारला. पण अपील करायचं की नाही हे कोणीतरी ठरवलं असेल, तर कोणी आणि का, याचा कागद नाही. बहुधा कोणी ठरवलंच नाही. नुसते दिवस गेले.

अशा शिक्षांविषयी सर्वोच्च न्यायालय काही बोललेलं नाही असंही नाही. २०१५ मध्ये पंजाबच्या एका अपघाताच्या खटल्यात उच्च न्यायालयानं एक वर्षाची शिक्षा चोवीस दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती सहा महिने केली आणि ३०४ अ च्या शिक्षेचा फेरविचार करा, असं कायदे करणाऱ्यांना सुचवलं. ते प्रकरण तिथवर गेलं कारण पंजाब सरकारनं अपील केलं. तिथलं सरकार दोन मेलेल्या माणसांसाठी दिल्लीला जातं, आणि आमचं सरकार तालुक्याहून जिल्ह्याला जात नाही, हे मला कोणी समजावून सांगावं.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांहून कमी शिक्षेच्या खटल्यांवर लक्ष ठेवायला अभियोग खात्यात सहायक संचालक नेमायचे आहेत. त्यांना एवढंच काम लावा : ज्या खटल्यात माणूस मेला आहे, तिथं निकालाची प्रत मिळताच शिक्षा पुरेशी आहे की नाही यावर एक पान लिहायचं आणि ते मुदत संपायच्या आत घरच्यांच्या हातात द्यायचं. अपील करणार नसाल तर का नाही, तेही त्याच पानावर. याला नवा कायदा लागत नाही, सरकारचं एक परिपत्रक पुरेल. आणि पीडिताला शिक्षेविरुद्ध अपिलाचा हक्क द्यायचा झाला तर तो दिल्लीचा विषय आहे हे मला कळतं, पण राज्याची शिफारस जाऊ शकते.

बापूबद्दल सांगायचं राहिलं. २०१७ मध्ये तो भाच्याला जामीन राहिला आणि त्या दिवसापासून बाकावर यायचा बंद झाला. आम्हीही बोलावलं नाही, खोटं कशाला सांगू. निकालानंतर मला वाटलं आता तो निदान हलक्या मनानं येईल, त्याचं माणूस वाचलं. नाही आला. कानबाईच्या रोटांच्या वेळी मीच त्याच्या घरी गेलो. पुरणाचं ताट पुढं ठेवून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सहा महिना तरी आत जाता ना भो, तं मी तुमनाजोडे बठाले येता. आते कसा येऊ?"

भाचा फेडून आला असता तर मामाला तोंड दाखवता आलं असतं. ते देणं आता बापूच्याच डोक्यावर राहिलं आहे, आणि थोडं माझ्याही. कारण डंपर पेटवायला निघालेली ती पोरं आता तिशीची झाली आहेत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांतला एक मला फाट्यावर भेटला. रामराम केला, आणि नुसतं विचारलं, "काका, कायदा आहे ना?" मी चष्मा पुसत राहिलो.

वहिनी दर सोमवारी बाजाराला येतात तेव्हा दुकानापाशी थांबून विचारतात, उत्तर आलं का. अर्जाची पोच मी पाकिटात ठेवतो, घड्यांवर फाटायला आली म्हणून चिकटपट्टी लावली आहे. तिची झेरॉक्स या पत्राच्या टपालानं पाठवलेल्या प्रतीला जोडली आहे. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल. फक्त लेखी असावं आणि खाली कोणाची तरी सही असावी.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
जळगाव जिल्हा